शंख वाढतो तो तोंडाच्या कडेने

मृग बरसला की या सदराच्या टपालात गोगलगायींची रांग लागते. यंदा कुतूहलाची पत्रं थोडी आणि वैतागाची जास्त आहेत. एका वाचकाने तर तक्रारीचा पुरावा म्हणून पिशवीत घालून शंखच पाठवला. तो वाटेत फुटला, आणि मला मात्र आतले वेढे बघायला आयता नमुना मिळाला. कोकणातल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होते तेव्हा पायला ग्लोबोसा नावाची तळ्यातली गोगलगाय प्रात्यक्षिकाला असायची. मुलं तिच्या आतड्यांची आणि मज्जातंतूंची आकृती घोटून घोटून पाठ करायची आणि शंख कचऱ्याच्या बादलीत टाकून द्यायची. मला ते तेव्हाही पटत नसे. गोगलगायबाईंनी जन्मभर काय खाल्लं-प्यालं, कधी उपास काढले, कुठे मार खाल्ला, हे सगळं शंखावर उमटलेलं असतं, आणि तेच त्या बादलीत जायचं.

पत्रं वेगवेगळ्या गावांची असली तरी उत्तरासाठी बहुतेक वेळा एकाच जागी जावं लागतं: शंखाच्या तोंडाची कड. तेव्हा सुरुवात चिपळूणच्या चौथीतल्या वाचकबाईंपासून.

प्रश्न : आमच्या तुळशीपाशी अगदी छोट्या आणि खूप मोठ्या अशा दोन्ही गोगलगायी असतात. छोटी मोठी झाली की जुनं घर टाकून मोठं घर शोधते का? आणि तिला पहिलं घर कोण देतं? (चिपळूण)

नाही गं. बिऱ्हाड बदलतो तो समुद्रकाठचा, शंखात राहणारा खेकडा. त्याला स्वतःचा शंख करता येत नाही. म्हणून तो मेलेल्या प्राण्याचा रिकामा शंख पकडतो आणि अंगाला घट्ट व्हायला लागला की दुसरा बघतो. वाळूत तुरुतुरु पळणारे शंख पाहिले असशील तर ते हेच महाशय. गोगलगायीचा शंख हे तिचं अंग आहे. आत एक दणकट स्नायू तिला शंखाच्या मधल्या खांबाशी बांधून ठेवतो. ओढून काढलंस तर ती मरेल, तेव्हा तसलं काही करायचं नाही.

पहिला शंख ती अंड्यात असतानाच करायला घेते. गर्भाच्या पाठीवरच्या काही पेशी आत दबून खळगा होतो, त्याला शंखग्रंथी म्हणतात. तो खळगा पुढे पसरतो, त्यावर पातळ पापुद्रा धरतो आणि पापुद्र्यात चुना भरत जातो. पिल्लू बाहेर येतं तेव्हा पाठीवर दोन-अडीच वेढ्यांचा, आरपार दिसेल असा शंख तयार असतो. तुझ्या तुळशीपाशी मोठ्या आहेत त्या बहुधा आफ्रिकी गोगलगायी असाव्यात. त्यांच्या अंड्यालाही चुन्याचं टरफल असतं. पिल्लू आत असताना त्यातूनच चुना घेतं, आणि बाहेर आल्यावर पहिला घासही बहुतेक त्याच टरफलाचा.

मग तो इवलासा शंख जातो कुठे? मोठ्या गोगलगायीच्या शंखाचं अगदी शेंड्याचं टोक बघ. तो तिचा जन्माचा शंख. तो तेवढाच राहतो, जिथल्या तिथेच राहतो. वाढ होते ती दुसऱ्या बाजूला, तोंडाच्या कडेला. शंखाला आतून लागून एक मऊ कातडीची घडी असते, तिचं नाव प्रावार. प्रावाराच्या कडेला एक बारीक खाच असते. तिच्यातून आधी प्रथिनांचा चिवट पापुद्रा बाहेर येतो. ही शंखाची बाहेरची साल. या सालीच्या आतल्या बाजूला, साल आणि प्रावार यांच्यामधल्या फटीत, एक पातळ द्रव असतो. रक्तातलं कॅल्शियम तिथे येतं, कार्बोनेट तिथे येतं आणि दोघांचे स्फटिक सालीला आतून चिकटत जातात. स्फटिक कुठे धरायचे आणि कसे रचायचे हे द्रवातली प्रथिनं ठरवतात. पावसाळ्यात भराभर वाढणाऱ्या गोगलगायीच्या शंखाची कड भिंगातून बघ. शेवटची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी पिवळसर, पातळ, जवळजवळ पारदर्शक असते. काडीने हलकेच दाबलीस तर ती वाकते. तिथे साल येऊन पोचलेली असते आणि चुना अजून भरायचा असतो.

आजी लोकरीचं विणते तेव्हा विणलेल्या ओळी तशाच राहतात, नवी ओळ कडेलाच चढते, आणि घेर वाढवायचा असेल तर ती त्या ओळीत टाके वाढवते. गोगलगाय हेच करते. प्रत्येक नवी ओळ आधीच्याहून जराशी मोठी, म्हणून तोंड रुंदावत जातं. ओळ सगळीकडे सारखी जाड घातली तर सरळ नळकांडं होईल. पण ती बाहेरच्या बाजूला जास्त घालते, मधल्या खांबाकडे कमी, म्हणून नळकांडं वळतं. शिवाय दर वेढ्याला थोडं खाली सरकत जाते, म्हणून जिलबीसारखं चपटं न होता उंच मनोऱ्यासारखं होतं. गंमत ही की हे प्रमाण जन्मभर जवळपास तेच राहतं. म्हणून अडीच वेढ्यांचं पिल्लू आणि सात ते नऊ वेढ्यांची आई एकाच घाटाची दिसतात. १८३८ साली हेन्री मोझली नावाच्या इंग्रज गणितज्ञ पाद्रीबाबांनी शंखांची मापं घेऊन हा घाट एका ठरावीक गणिती वळणात बसतो हे दाखवून दिलं. गोगलगायीला गणित येत नाही. तिच्या कडेच्या पेशींना फक्त इथे जास्त, तिथे कमी एवढंच येतं.

प्रश्न : शंख कशाचा असतो हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना दाखवता येईल असा बिनखर्चाचा प्रयोग सुचवाल का? (सांगली जिल्हा)

गुरुजी, एक लिंबू पुरेल. बांधावरून दोन रिकामे शंख उचला: एक तपकिरी, चकचकीत, साल शाबूत असलेला आणि दुसरा उन्हात पडून पांढराफटक झालेला. दोन्हींवर लिंबाच्या रसाचा थेंब टाका. पांढऱ्यावर लगेच बुडबुडे फसफसतील. चकचकीत शंख बराच वेळ ढिम्म राहील. आता त्याच्यावर खिळ्याने ओरखडा काढा आणि ओरखड्यावर पुन्हा थेंब टाका. फसफस सुरू. म्हणजे खाली तोच चुना आहे, पण वरच्या सालीने आम्लाला अडवून धरलं होतं.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. चकचकीत शंखाचा एक तुकडा वाटीभर व्हिनेगरमध्ये एक-दोन दिवस ठेवा. सगळा चुना विरघळून जाईल आणि वाटीत एक लिबलिबीत पापुद्रा तरंगेल. शंखाच्या वजनात ९५ टक्क्यांहून जास्त कॅल्शियम कार्बोनेट असतं. उरलेली ही प्रथिनं. एवढीशी, पण कारभार त्यांचा. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे संगमरवरही आणि कोंबडीच्या अंड्याचं टरफलही. पण त्या दोघांत त्याचे स्फटिक कॅल्साइटचे असतात आणि जमिनीवरच्या गोगलगायींच्या शंखात बहुतेक करून ॲरागोनाइटचे. द्रव्य एक, रचना वेगळी. शंखात या ॲरागोनाइटच्या सूक्ष्म पट्ट्यांचे थर असतात आणि एका थरातल्या पट्ट्या शेजारच्या थरातल्या पट्ट्यांना छेद देऊन तिरक्या बसवलेल्या असतात. चीर गेली तर तिला दर थरात दिशा बदलावी लागते आणि ती वाटेतच दमते. नुसता चुनखडीचा तेवढाच पातळ तुकडा बोटांत मोडतो, शंख मोडायला पायाखाली घ्यावा लागतो.

तळ्यातल्या जुन्या गोगलगायी मिळाल्या तर शेंडे बघायला सांगा. पुष्कळदा टोक झिजून पांढरं, खडबडीत झालेलं असतं. ती सर्वांत जुनी जागा, तिथली साल आधी जाते, आणि मग पाणी किंचित आम्लधर्मी असलं तरी ते हळूहळू चुना खातं. तुमच्या वाटीतला प्रयोग तळ्यात वर्षानुवर्षं चाललेला असतो.

प्रश्न : बाल्कनीतली कुंडी सरकवताना एका गोगलगायीचा शंख फुटला. ती जिवंत आहे. फेव्हिक्विकने चिकटवू का? (पुणे)

नका. तो गोंद आतल्या ओल्या कातडीला लागला तर शंख फुटल्याने झालं नाही तेवढं नुकसान होईल. कुठे फुटलाय यावर सगळं आहे. तोंडाची कड मोडली असेल तर विसरून जा, ती तिची रोजची कामाची जागा आहे, काही आठवड्यांत भरून निघेल. फक्त तिथे एक वेडीवाकडी रेघ कायमची राहील. मधल्या भागाला भोक पडलं असेल आणि आतला प्रावार फाटला नसेल, तरीही आशा आहे. प्रावाराची कड सोडून बाकीचा पृष्ठभागही थोडा चुना सोडू शकतो. आधी भोकावर पातळ पडदा धरतो आणि मग त्यात स्फटिक भरतात. पण साल आणि रंग हे काम फक्त कडेचं. म्हणून ठिगळ कायम पांढुरकं आणि बिनचमकीचं दिसतं. असे ठिगळ लावलेले शंख बागेत शोधले तर सापडतात. पक्ष्याच्या किंवा उंदराच्या तावडीतून सुटलेली मंडळी असतात ती.

शेंड्याकडचा भाग चेचला गेला असेल तर मात्र अवघड आहे, तिथेच तिचं यकृत वगैरे असतं.

तिला ओलसर सावलीत ठेवा, कारण फुटक्या शंखातून पाणी उडून जाणं हा पहिला धोका. जवळ अंड्याच्या टरफलाचा चुरा ठेवा. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात अडकवतात तो समुद्रफेसाचा तुकडा मिळाला तर आणखी बरं. तो समुद्रातल्या माकुळाच्या अंगातला शंखच आहे, बाहेरचा आत गेलेला. आणि तिला हाताळताना हातमोजे घाला. गोगलगायींच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातल्या एका जंताची पिल्लं असू शकतात, ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज आणतात. हात साबणाने धुवा, पालेभाजी नीट धुवा, एवढं केलं की घाबरायचं कारण नाही.

प्रश्न : २०२२ च्या खरिपात शंखी गोगलगायींनी आमचं सोयाबीन कोंब येताच फस्त केलं, पुन्हा पेरावं लागलं. रात्री या घराच्या चुना दिलेल्या भिंतीही खरवडतात. आणि सल्ला मिळतो की बांधावर चुना टाका. मग चुना हे त्यांचं खाणं आहे की औषध? (औसा, जि. लातूर)

दादा, यंदाच्या टपालातला हा सगळ्यांत चांगला प्रश्न. उत्तर असं की दोन्ही. चुना कुठल्या अवस्थेत आहे त्यावर ते ठरतं.

भट्टीतून येतो तो कळीचा चुना. पाण्यात विरवला की तापतो, फसफसतो आणि दाहक होतो. त्यावरून गोगलगाय गेली तर तिचा पाय भाजतो, ती भसाभस चिकटा सोडते आणि कोरडी पडून मरते. हे औषध. पण तोच चुना भिंतीवर लावला, किंवा बांधावर उघडा पडून राहिला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. दाह गेला. आता ते गोगलगायीच्या शंखाचंच द्रव्य आहे. जिभेवर हजारो बारीक दातांची कानस घेऊन ती रात्रभर तुमची भिंत खरवडते ती यासाठी. पाण्यातल्या गोगलगायींना कॅल्शियम पाण्यातून थेट अंगात ओढून घेता येतं. जमिनीवरचीला ते पानांतून, मातीतून, जुन्या हाडांतून, मेलेल्या भावंडांच्या शंखांतून मिळवावं लागतं. चुन्याची भिंत म्हणजे तिला लग्नाची पंगत.

तेव्हा चुन्याची पट्टी ताजी, कोरडी आणि चांगली रुंद असेल तोवरच कामाची. एक पाऊस पडून गेला की ती नव्याने घालावी लागेल. जुनी पांढरी रेघ दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. चुना टाकताना डोळे सांभाळा.

तुमच्या भागात या गोगलगायींना एवढे दिवस का आले, यात जमिनीचाही हात आहे असं मला वाटतं. मराठवाड्याची काळी जमीन चुनखडीची, खडे वेचावे लागतील इतकी. शंख करायला मालाचा तुटवडा नाही. आमच्या कोकणच्या जांभ्यावर कॅल्शियम कमी, माती आंबट, त्यामुळे इथल्या रानातल्या देशी गोगलगायींचे शंख अनेकदा कागदासारखे पातळ. काहींनी तर शंख आवरता घेत घेत पाठीवर नखाएवढी चकती ठेवली आहे, काहींनी तीही सोडली. पावसात भिंतीवर चढतात त्या बिनशंखाच्या काळ्या गोगलगायी याच वाटेने पार टोकाला गेलेल्या. माल नसला की काय होतं याचं एक उदाहरण नेदरलँड्समधलं आहे. तिथल्या रेताड जंगलांत आम्ल पावसाने मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलं, गोगलगायी घटल्या, आणि मग रामगंगा पक्ष्याच्या जातभाईंची अंडी पातळ टरफलाची, सच्छिद्र व्हायला लागली. त्या पक्ष्यांना अंड्यासाठी कॅल्शियम मिळायचं ते गोगलगायींच्या शंखांतून. १९९४ साली संशोधकांनी हे जाहीर केलं. त्यांनी जंगलात शंखांचा आणि कोंबडीच्या अंड्यांच्या टरफलांचा चुरा ठेवून पाहिला, तर अंडी सुधारली. म्हणून सरसकट सगळ्या गोगलगायींवर राग धरू नका एवढी माझी विनंती.

तुमच्या शेतातली मात्र आगंतुक. मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंखांचा नाद असलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि चौरंगीतल्या एका बागेत सोडली. हौस एकाची, निस्तरणं सगळ्या देशाचं. या जातीतली प्रत्येक गोगलगाय नरही आणि मादीही, त्यामुळे अंडी सगळ्याच घालतात, एका वेळी शंभर-दोनशे.

तिला गाठायचं तर तिच्या शंखाचीच मदत घ्या. उन्हाळ्यात ती बांधाच्या दगडांत, कुजक्या काडीकचऱ्याखाली शंखात शिरून तोंडावर पांढुरका पडदा ओढते. चिकटा आणि चुना वाळून झालेला हा पडदा पहिल्या पावसापर्यंत टिकतो. तोवर ती कुठेही पळत नाही. मे महिन्यात बांध झाडून तोंड बंद केलेले शंख वेचले तर जूनमधली हजारो अंडी वाचतात. हे काम गावाने मिळून करायचं आहे, एकट्याचा बांध स्वच्छ करून भागत नाही. पेरणीनंतर गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी शेतात ठिकठिकाणी पसरा, पहाटे उचला, खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ शेतात फेकू नका, जमीन तुमची आहे. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरल्या तर पाकिटावरच्या मात्रेत, आणि कुत्री-जनावरं बांधून.

प्रश्न : शंखांवर पट्टे आणि ठिपके कसे येतात? (नागपूर)

तेही कडेवरच. प्रावाराच्या कडेला रंग सोडणाऱ्या पेशींची रांग असते. एखादी पेशी जन्मभर रंग सोडत राहिली की वेढ्यांच्या दिशेने धावणारा सलग पट्टा होतो. रांगेतल्या सगळ्यांनी एकदम काही काळ रंग सोडून मग थांबायचं ठरवलं की तोंडाला समांतर आडवे पट्टे येतात. ठिपके, नागमोडी, त्रिकोण, हे शेजारी पेशी एकमेकींना चेतवतात आणि दाबतात त्यातून येतात. हान्स माइनहार्ट या जर्मन शास्त्रज्ञाने असे नियम संगणकाला घालून हुबेहूब शंखांसारखी नक्षी काढून दाखवली होती. वर्षांची मोजणी मात्र या आडव्या रेषांवरून करू नका. रेघ उठते ती वाढ थांबली म्हणून, आणि ती एका उन्हाळ्यानेही थांबते, आठ दिवसांच्या उघडिपीनेही.

प्रश्न : आमच्या घरी भवानीची कवड्यांची माळ आहे. कवडी हा शंखच असेल तर तिचे वेढे आणि टोक कुठे गेले? आणि इतकी वर्षं हाताळूनही चमक कशी जात नाही? (सोलापूर)

कवडीची तऱ्हा उलटी आहे. लहानपणी ती इतर शंखांसारखीच असते: पातळ शंख, दिसणारे वेढे, रुंद तोंड. वयात आली की तोंडाची बाहेरची कड आत वळते, तोंडाची फट होते, फटीच्या दोन्ही काठांना दात येतात. झालं, आता शंखाचा आकार वाढणं बंद. एकाच जातीच्या प्रौढ कवड्या लहान-मोठ्या दिसतात त्या याचमुळे. लहान असेल ती पिल्लू नसते, लवकर मिटलेली असते.

पण प्रावाराचं काम थांबत नाही. कवडीच्या प्रावाराचे दोन पदर फटीतून बाहेर येतात आणि दोन्ही बाजूंनी पाठीवर चढून शंख झाकून टाकतात. बाकीचे शंख आतून जाड होतात, कवडी बाहेरूनही होते. थरावर थर, सगळे गुळगुळीत. टोक आणि जुने वेढे त्यात बुडतात. इतर शंखांवर असते ती साल इथे नसतेच. वरचा चमकदार थर शंखाच्याच द्रव्याचा, दगडासारखा टणक. समुद्रात तो सतत कातडीखाली झाकलेला असल्याने त्यावर शेवाळही बसत नाही.

माळेत ओवायला कवडीची पाठ फोडतात किंवा घासून सपाट करतात. माळ हातात घेऊन त्या बाजूने आत डोकवा, गेलेले वेढे तिथे दिसतील.

प्रश्न : मी ऑनलाइन फोटो पाहून बरीच रक्कम मोजून दक्षिणावर्ती शंख घेतला. मेहुणे म्हणतात नकली आहे. शंख खरा आहे, प्लॅस्टिक नाही, हे मी वाजवून पाहिलंय. फोटो पाठवत आहे. डावं-उजवं वळण मुळात ठरतं कसं? (डोंबिवली)

तुम्ही आणि मेहुणे दोघेही बरोबर असण्याची शक्यता आहे. आधी वळणाचं बघू.

जगातल्या बहुतेक सगळ्या शंखधारी गोगलगायी एकाच दिशेने वळतात. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं तर तोंड उजव्या हाताला येतं. ही दिशा शंख दिसायच्या कितीतरी आधी ठरते. फलित अंड्याच्या चार पेशींच्या आठ होतात तेव्हा वरच्या चार पेशी खालच्यांवर सरळ न बसता थोड्या फिरून बसतात, उजवीकडे किंवा डावीकडे. जपानमध्ये रेइको कुरोदा यांच्या गटाने तळ्यातल्या एका गोगलगायीच्या अशा आठपेशी गर्भाच्या पेशी काचेच्या बारीक काडीने उलट दिशेला ढकलल्या, आणि त्यातून वाढलेल्या गोगलगायींचं वळणच उलटं झालं. हे २००९ सालचं. २०१९ मध्ये त्यांनी त्याच जातीतलं एक जनुक बंद पाडलं आणि डाव्या वळणाची संतती मिळवली. त्यात एक खोच आहे: पिल्लाचं वळण त्याच्या स्वतःच्या जनुकावर ठरत नाही, आईच्या जनुकावर ठरतं, कारण पहिल्या पेशी फिरतात तेव्हा अंड्यात आईने भरलेली शिदोरीच चालू असते.

सगळ्या उलट्या गोगलगायी जनुकांमुळेच होतात असंही नाही. २०१६ मध्ये लंडनच्या एका खताच्या ढिगात डाव्या वळणाची बागेतली गोगलगाय सापडली. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तिचं नाव जेरेमी ठेवलं आणि तिच्यासाठी चक्क जाहीर आवाहन करून स्थळं शोधली, कारण वळण उलटं असलं की जननेंद्रियंही उलट्या बाजूला येतात आणि सरळ गोगलगायीशी जमत नाही. सापडलेली दोन डावी स्थळं आधी आपसांतच जमली. पण २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये मरण्यापूर्वी जेरेमीचंही जमलं. ५६ पिल्लं झाली, झाडून सगळी उजवी. त्या जातीत डावं वळण बहुधा गर्भातल्या अपघाताने येतं, असा निष्कर्ष पुढे निघाला.

आता तुमचा शंख. आपल्या पूजेतला शंख म्हणजे टर्बिनेला पायरम. मन्नारच्या आखातात तुतिकोरीनच्या बाजूला पाणबुडे तो काढतात, बंगाली सुवासिनींच्या शाखा बांगड्या याच्याच. ताजा असतो तेव्हा अंगावर तपकिरी, मखमली साल असते, ती काढून टाकल्यावर तो पांढराशुभ्र दिसतो. आपण शंख धरतो तो टोकाच्या विरुद्ध बाजूची, पन्हाळीसारखी निमुळती चोच वर करून, शास्त्रज्ञांच्या उलट. तसा धरला की नेहमीच्या शंखाचं तोंड डावीकडे येतं, म्हणून तो वामावर्ती. तोंड उजवीकडे आलं तर दक्षिणावर्ती. म्हणजे या जातीतला जेरेमी, आणि तो इतका दुर्मीळ की बाजारात ढिगाने मिळणं शक्यच नाही.

मग ढिगाने येतात कुठून? अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात लाइटनिंग व्हेल्क नावाचा एक शंख आहे. त्या जातीत सगळेच डावे, उलटा निघाला तर तो उजवा. टेक्सासने तर त्याला राज्याचा अधिकृत शंख केलाय. तो साफ, पांढरा करून दक्षिणावर्ती म्हणून खपवला जातो. खरा शंख आहे, खरंच उलटा आहे, वाजतोही. फक्त तो नाही.

ओळखायचं असं. तोंडातून आत, मधल्या खांबाकडे बॅटरी मारा. टर्बिनेलाच्या खांबावर तीन-चार ठसठशीत आडव्या घड्या असतात, बोट घातलं तर बोटालाही लागतात. त्या जन्मापासून कडेबरोबर वाढत आलेल्या असल्याने आतपर्यंत सलग जातात, घासून काढता येत नाहीत आणि चिकटवूनही बसवता येत नाहीत. व्हेल्कचा खांब गुळगुळीत असतो, चोच लांब आणि निमुळती, वजन त्या मानाने हलकं. आणि हो, विक्रेत्याच्या फोटोवर कधीच जाऊ नका. फोटो आरशासारखा उलटवला की गल्लीतला कुठलाही शंख दक्षिणावर्ती होतो. फोटोत एखादं नाणं किंवा छापील कागद ठेवायला सांगा, अक्षरं सरळ आहेत ना ते बघा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत खांब स्वच्छ दिसतोय. घडी एकही नाही. परताव्याची मुदत उलटली नसेल तर आजच कळवा, आणि मेहुण्यांना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.